घरटी एक फॉर्म

मी बावीस वर्षं दुसऱ्यांची संशोधनं लिहून दिली. एवढंच वाक्य वाचलं तर मी कॉप्या पुरवण्याचा धंदा करत होते असं वाटेल, म्हणून आधी खुलासा करते. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या संशोधन विभागात मी नोकरीला होते. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट अशी मंडळी आपापल्या कामातून वेळ काढून संशोधन करतात. माहिती गोळा करेपर्यंत त्यांचा उत्साह दांडगा असतो, पण लिहायची वेळ आली की अवसान गळतं. मग ते माझ्याकडे यायचे. संशोधन त्यांचं, नाव त्यांचं. मी शेजारी बसून त्यांच्याकडून ते लिहून घ्यायचे, आणि लिहिता लिहिता त्यांना स्वतःलाच काय सापडलंय हे कळायचं.

आमच्याकडे दोन प्रकारचा माल यायचा, एक आकड्यांचा आणि दुसरा बोलण्याचा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर किती जण किती दिवसांत चालायला लागले, हे आकडे सांगतात. पण चालता येत असूनही एखादे आजोबा घराबाहेर का पडत नाहीत, हे त्यांच्यासमोर तासभर बसल्याशिवाय कळत नाही. आकड्यांचं लिहिताना आकड्याने जेवढं सांगितलं त्याच्यापुढे एक पाऊल टाकायचं नाही. बोलण्याचं लिहिताना समोरच्याच्या तोंडी आपला शब्द घालायचा नाही, आणि ऐकणारी मी कोण, कुठली, हेही कागदावर प्रामाणिकपणे मांडायचं. माझी सगळी विद्या या दोन वाक्यांत संपते. बाकी सगळं स्वल्पविराम आणि चिकाटी.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. हाडांचे एक सर्जन एक्सेलची फाइल घेऊन आले आणि म्हणाले, ‘‘निष्कर्ष चांगला आहे, फक्त शब्द घाला.’’ निष्कर्ष काय, असं विचारलं तर म्हणाले, ‘‘ते तुम्ही शोधा.’’ एका अनुभवी नर्सने रुग्णांच्या मुलाखती घेतल्या होत्या आणि अहवालात पानोपानी ‘सगळ्यांचं म्हणणं असं’ लिहिलं होतं. मुलाखती वाचल्या तर निम्मा वेळ ती स्वतःच बोलत होती. तिला हे सांगितल्यावर ती खळखळून हसली आणि पुन्हा पहिल्यापासून कामाला लागली. अशी माणसं मला फार आवडायची.

प्रत्येक लेखाच्या शेवटी ‘या अभ्यासाच्या मर्यादा’ असा एक परिच्छेद असतो. सत्यनारायणाच्या शेवटी गुरुजी ‘काही चुकलं-माकलं असेल तर’ म्हणून घेतात, तसा बहुतेक लोक तो उरकतात. अभ्यास लहान होता, आणखी संशोधन व्हायला हवं, नमस्कार. मीही असे कितीतरी परिच्छेद उरकून दिले आहेत. एक मात्र उरकता आला नाही, आणि त्याचीच ही हकिकत आहे.

करोनाचा पहिला हिवाळा होता. फेम्के नावाची एक तरुण सुईण तिची पीएचडी घेऊन माझ्याकडे आली. इथे सुईण म्हणजे चार वर्षं कॉलेजात शिकलेली, स्वतःचा दवाखाना चालवणारी बाई. परदेशातून आलेल्या बायकांची बाळंतपणं या काळात कशी झाली, असा तिचा विषय होता. विमानं बंद होती, म्हणजे आईला येता येत नव्हतं. इथल्या रिवाजाप्रमाणे बाळंतिणीच्या घरी आठवडाभर रोज एक प्रशिक्षित बाई येते, बाळाला आणि आईला बघते, दोन कपडे धुते, चहा करते. तिला क्रामझोर्ग म्हणतात. त्या काळात तिचे तास कमी झाले होते आणि कित्येकांनी भीतीपोटी तिला नकोच म्हटलं होतं. अशा वेळी या बायकांची झोप कशी होती, जेवण कसं होतं, मन कसं होतं, हे फेम्केला विचारायचं होतं. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. नंतर त्यातल्या काही जणींशी बोलायचं. प्रबंधाचे बाकीचे सगळे अध्याय झाले होते, हा शेवटचा. ऑगस्टमध्ये तिची नेमणूक संपत होती आणि त्याआधी हे झालं नाही तर चार वर्षांचं काम लोंबकळणार होतं.

‘‘भारतीय बायका फॉर्म भरतच नाहीत,’’ ती काकुळतीने म्हणाली.

‘‘मराठी तरी माझ्यावर सोड,’’ मी म्हटलं. मला भारी ऐट. मी इथल्या मराठी मंडळाचं जुनं खोड. गणपतीच्या जेवणाची नावनोंदणी वर्षानुवर्षं मीच करत आले. त्याच थाटात मी सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज टाकला. ‘नमस्कार मंडळी, ज्यांच्याकडे या वर्षात पाळणा हलला आहे त्यांच्यासाठी. दोन मिनिटांचं काम आहे. घरटी एक फॉर्म आलाच पाहिजे!’ पुढे हात जोडलेले तीन.

दोन दिवसांत फॉर्मांचा ढीग लागला. फेम्केला खरंच वाटेना. आकडेही सुरेख होते. झोप आठ, जेवण नऊ, मन नऊ. आई नाही, क्रामझोर्ग अर्धी, तरी मराठी बाळंतिणी अगदी ठणठणीत. फेम्केने लगेच कच्चा मसुदा लिहिला, तिच्या प्राध्यापकांना आवडला. मला मात्र कुठेतरी खटकत होतं. आपल्या बायका असे नऊ-नऊ गुण उधळत नाहीत. स्वतः केलेल्या पुरणपोळीला आम्ही सहाच्या वर जात नाही.

मग मुलाखती सुरू झाल्या. मराठी बायकांशी मराठीतूनच बोलावं म्हणून त्या मी घ्यायच्या असं ठरलं. तिसरी मुलाखत प्राजक्ताची होती. ती आल्मेरेला राहणारी, पुण्याची इंजिनियर. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, चार महिन्यांच्या मुलाची आई. लॅपटॉप मांडीवर घेऊन ती वॉशिंग मशीनच्या शेजारी जमिनीवर बसली होती. वरच्या खोलीत नवऱ्याचं ऑफिस, दुसऱ्या खोलीत बाळ, आणि दार लावून बसता येईल अशी तेवढीच जागा उरली होती.

मी झोपेचं विचारलं. ती म्हणाली, ‘‘दोन तास सलग झोपले ना, तर दचकूनच जागी होते काकू.’’

‘‘आणि मन?’’

ती मशीनच्या काचेकडे बघत म्हणाली, ‘‘आई रोज फोनवर विचारते, बाळ कोणासारखं दिसतं गं? मला सांगताच येत नाही. मी त्याचं सगळं करते हो. पण नीट बघतच नाही त्याच्याकडे. बघावंसं वाटत नाही. हे रेकॉर्ड होतंय का?’’

‘‘होतंय. नको असेल तर पुसते.’’

‘‘नको, राहू दे. कुठेतरी राहू दे.’’

मुलाखत संपल्यावर मी तिच्या सांकेतिक क्रमांकावरून तिचा फॉर्म काढला. झोप आठ, मन नऊ. मला वाटलं क्रमांकच चुकला. दुसऱ्या दिवशी तिला फोन केला आणि विचारलं, ‘‘फॉर्म भरलास तेव्हा बरं वाटत होतं का तुला?’’

‘‘कुठला फॉर्म?’’

‘‘मंडळाच्या ग्रुपवर आला होता तो.’’

‘‘मी त्या ग्रुपवर नाहीये काकू, निखिल आहे. त्यानेच भरला असेल.’’ तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ‘‘इथले सगळे फॉर्म तोच भरतो. टॅक्स, इन्शुरन्स, नगरपालिका. हाउसआर्ट्सकडे पण त्याचाच नंबर आहे. लॉकडाउनमध्ये बाळाच्या चेकअपवाली नर्स फोनवरच विचारपूस करायची ना, ती पण त्यालाच. तो म्हणायचा, शी इज डुइंग ग्रेट.’’

‘‘तू काही बोलली नाहीस?’’

‘‘तो खोटं नाही बोलत काकू. त्याला खरंच तसं वाटतं.’’

मी तिला म्हटलं, निखिलला सांग, आणि हाउसआर्ट्सना, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरांना, फोन कर. ती घाबरली. निखिलचं प्रोजेक्ट ऐन रंगात होतं, तो हादरून जाईल, तिला आईकडे पाठवायला निघेल आणि विमानं तर बंद. ‘‘तुम्ही त्याला सांगणार नाही ना? प्रॉमिस?’’ मुलाखतीत ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात कडक नियम. मी वचन दिलं. फेम्केला मात्र कळवलं, ती सुईण म्हणून या गोष्टी जाणणारी. तिने स्वतः प्राजक्ताला फोन केला. इंग्रजीत प्राजक्ता तिला म्हणाली, आय ॲम फाइन, थँक यू सो मच. मग मी दिवसाआड तिला नुसताच फोन करू लागले, भाजी काय केलीस इथपर्यंतचा. त्याहून जास्त काही करता येत नव्हतं, आणि ते मला आतून खात होतं.

उरलेल्या बायकांना मी एकच प्रश्न विचारला, फॉर्म तुम्ही स्वतः भरला होता का? एक म्हणाली, ‘‘अय्या, असा फॉर्म होता?’’ दुसरी म्हणाली, ‘‘ह्यांनी मला विचारून भरला. म्हणजे जिन्यातून ओरडून विचारलं, बरी आहेस ना? मी हो म्हटलं.’’ स्वतः भरणाऱ्या अगदी थोड्या निघाल्या. गंमत म्हणजे नवऱ्यांपैकी कोणीही लबाडी केली नव्हती. बायकोच्या कडेवर बाळ आहे, तिला कशाला त्रास, असं म्हणून त्यांनी कौतुकाने, मनापासून नऊ-नऊ गुण दिले होते.

मी घरी प्रयोग करून बघितला. आमचे अविनाशराव तेव्हा जेवणाच्या टेबलावर ऑफिस थाटून बसलेले असायचे. मी म्हटलं, ‘‘माझ्या झोपेला दहापैकी किती गुण देशील?’’ स्क्रीनवरून नजर न काढता ते म्हणाले, ‘‘नऊ. आडवी झालीस की गेलीस.’’ त्या वर्षी मी पहाटे तीनपासून टक्क जागी असायचे, आणि कितीतरी महिने असायचे. मला हसू आलं आणि मग चांगलाच रागही आला. त्यांचा आला, आणि त्यांना कधी काही न सांगणाऱ्या माझाही आला.

पण खरी चूक नवऱ्यांची नव्हती, माझी होती. घरटी एक फॉर्म मागितला मी. बाईला विचारायचा प्रश्न मी जेवणाच्या पानांसारखा मोजला. बावीस वर्षं लोकांना ‘प्रश्न नेमका कोणाला विचारताय’ म्हणून छळणारी मी, आणि आपल्या माणसांत आले तशी ते सपशेल विसरले. शरम वाटली. गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं, फॉर्मांवर नावं नव्हती, प्राध्यापक खूश होते. आणि बोलले तर फेम्केचा अध्याय बुडत होता. दोन दिवस मी स्वयंपाकघरातली सगळी कपाटं घासून काढली. तिसऱ्या दिवशी फेम्केला आमच्या गावी, उइटहॉर्नला, बोलावलं.

तेव्हा घरात पाहुणा घेणं अवघड, म्हणून भेटीगाठी चालत चालत व्हायच्या. आम्ही आमस्टेल नदीच्या काठाने दीड मीटर अंतर ठेवून निघालो, ती सायकल हातात धरून. मी सगळं सांगितलं. तिने विचारलं, ‘‘म्हणजे माझा अध्याय नवऱ्यांवर आहे?’’

‘‘बराचसा.’’

‘‘आणि तो मेसेज तू लिहिलास?’’

‘‘मीच.’’

‘‘हे मूर्खपणाचं होतं,’’ ती म्हणाली. डच माणसं अशा वाक्यात पाणी घालत नाहीत. मला रडू आलं आणि त्याच वेळी बरंही वाटलं. पुलापाशी पोचल्यावर ती थांबली. ‘‘नवऱ्यांना वाटतं नऊ. बायकांना काय वाटतं, ते आपल्याला माहीत नाही. मग दोघांनाही विचारू या ना. वेगवेगळं.’’

माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान मुलगी ती. तिचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला.

जुने सगळे फॉर्म आम्ही बाद केले. प्राध्यापक कुरकुरले, नीतिसमितीची परवानगी नव्याने काढावी लागली, त्यात कित्येक आठवडे गेले. ठरलं असं की बायकांना मी त्यांच्या स्वतःच्या फोनवर, त्या सांगतील त्या वेळी विचारायचं. नवऱ्यांनी तोच फॉर्म बायकोच्या वतीने भरायचा, पण तिला न विचारता. मग दोन आकडे शेजारी शेजारी मांडायचे. दोघांचेही फॉर्म आले तरच ती जोडी धरायची, आणि पुरेशा जोड्या जमल्या तरच अध्याय. फेम्केने स्वयंपाकघरातल्या फळ्यावर जोड्यांची मोजणी ठेवली होती आणि रोज संध्याकाळी मला त्याचा फोटो पाठवायची.

मंडळाच्या ग्रुपवर मी जाहीर माफी मागितली. एक गृहस्थ दुखावले, ‘‘म्हणजे काकू, आमचा फॉर्म खोटा होता का?’’ मी लिहिलं, ‘‘खोटा नव्हता हो. फक्त तो तुमचा होता.’’ त्यावर चार अंगठे आले, आणि नंतर त्यांच्याच पत्नीचा मला वेगळा फोन आला, तो तासभर चालला.

बायका बोलल्या. कोणी गच्चीत जाऊन, कोणी सुपरमार्केटच्या बाहेर बाबागाडी थांबवून. सगळ्याच दुःखी होत्या असं मुळीच नाही. एकीने मनाला दहा दिले आणि म्हणाली, ‘‘सासूबाई येऊ शकल्या नाहीत ना, कोणाला सांगू नका.’’ प्राजक्ताने झोपेला दोन दिले. मनाला आधी पाच म्हणाली, मग म्हणाली, ‘‘थांबा. दोन लिहा.’’

जूनमध्ये काम जवळजवळ पूर्ण होत आलं. हव्या होत्या तितक्या जोड्यांना एक कमी होती, आणि ज्यांचे फॉर्म यायचे बाकी होते त्यांत निखिल होता. एका दुपारी फोन वाजला.

‘‘काकू, निखिल बोलतोय, आल्मेरेहून. तुमच्या फॉर्मबद्दल विचारायचं होतं. पहिलाच प्रश्न आहे, पत्नीची झोप. मागच्या वेळी मी आठ टाकले होते. या वेळी म्हटलं जरा नीट विचार करून भरू या. पण काकू, मला माहीतच नाहीये. मी दिवसभर वर असतो, ती खाली असते. रात्री बाळ तिच्याकडे, मी दुसऱ्या खोलीत, सकाळी ऑफिसची स्टँड-अप मीटिंग असते म्हणून. मी किती वेळ बसलोय इथे, आठवतच नाहीये काही. अंदाजे टाकू का?’’

याचं उत्तर फॉर्मच्या वरच, ठळक अक्षरांत, मीच लिहिलेलं होतं. ‘कृपया अंदाजाने भरा. पत्नीला विचारू नका.’ एवढंच वाचून दाखवलं असतं तर फेम्केची जोडी पूर्ण झाली असती. प्राजक्ताचा आकडा माझ्या समोर कागदावर होता आणि तो मला बोलता येत नव्हता. दिलेलं वचन मोडायचं नव्हतं. पण नियम मोडता येत होता.

‘‘अंदाजे टाकू नकोस,’’ मी म्हटलं. ‘‘जा आणि तिला विचार.’’

‘‘पण वर तर लिहिलंय, विचारू नका म्हणून.’’

‘‘ते मीच लिहिलंय. आता मीच सांगते, विचार.’’

‘‘आत्ता?’’

‘‘आत्ता.’’

त्याने फोन टेबलावर ठेवला असावा, बंद न करता. मला जिन्यावरची पावलं ऐकू आली, मग लांबून त्याचा आवाज आला. ‘‘प्राजू, एक सांग ना. तुला झोप लागते का गं?’’ मग तिचा आवाज आला, शब्द कळत नव्हते, नुसता आवाज, आणि तो थांबत नव्हता. माणसांचं बोलणं ऐकून टिपून ठेवणं हाच माझा जन्माचा उद्योग. मी फोन बंद केला.

संध्याकाळी त्याचा फॉर्म आला. झोप दोन, मन दोन. खाली ‘आणखी काही’ या चौकटीत लिहिलं होतं, ‘उद्या सकाळी हाउसआर्ट्सची अपॉइंटमेंट आहे. तिने स्वतः फोन केला. तिथे आता तिचा नंबर दिलाय.’

एव्हाना फेम्केने ती जोडी फळ्यावर मांडलीही होती. मी तिला फोन करून सांगितलं की दोन्ही फॉर्म आले असले तरी ही जोडी धरता येणार नाही. का, तेही सांगितलं. ती पुन्हा मूर्खपणा म्हणेल अशी माझी तयारी होती. पलीकडून फळ्यावर फडकं घासल्याचा आवाज आला. ‘‘पुसली,’’ ती म्हणाली. ‘‘दुसरी शोधू या.’’ आणि पुढच्या आठवड्यात बेस्ट नावाच्या गावातल्या एका जोडप्याला गाठून तिने ती शोधलीही.

‘मर्यादा’ या परिच्छेदात आमच्या पहिल्या फसलेल्या मेसेजची हकिकत सविस्तर आहे, आणि तो आमच्यापैकीच एकीने लिहिला होता हेही आहे. तो परिच्छेद मी स्वतः लिहिला. शेवटचा अध्याय मुदतीत पोचला. आता इथल्या सुईणी बाळंतिणीचा स्वतःचा नंबर मागून घेतात, निदान फेम्केच्या दवाखान्यात तरी. प्राजक्ताला बरं व्हायला पुढचा पुरा हिवाळा लागला, गोळ्या लागल्या, बोलणं लागलं, आणि विमानं सुरू झाल्यावर आलेली आईही लागली. पुढच्या वसंतात तिने मला मुलाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘नाक माझ्या बाबांचं आहे काकू, हनुवटी निखिलची.’

फेम्केच्या प्रबंधाचा समारंभ मोजक्या खुर्च्यांत झाला, सगळे मास्क लावून. परीक्षकांपैकी एका वयस्कर बाईंनी शेवटच्या अध्यायातल्या मोठ्या तक्त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, इथे एक जोडपं वगळलं आहे, दोघांचे फॉर्म पूर्ण असूनही, ते का? फेम्केने मागच्या रांगेत माझ्याकडे एकदा बघितलं, आणि तक्त्याखालची बारीक अक्षरांतली टीप सगळ्यांना वाचून दाखवली. ‘एक जोडपं वगळण्यात आलं आहे, कारण उत्तर देण्याआधी पतीने पत्नीला विचारलं.’